ओर्का पुन्हा गप्प झाला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, पासवर्ड टाकून एंटर मारला की हार्डडिस्कची कुरकुरही ऐकू येते. पण ओर्का, म्हणजे लिनक्सवर अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, एक शब्द बोलत नाही. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होता. मध्ये अपडेट झालं, किंवा लाइट जाऊन आली, किंवा घरातल्या कुणीतरी मागे टीव्हीची वायर खुपसली. कधी दोन दिवसांनी आपणहून बोलायलाही लागतो, आणि महिन्याभरात परत मौनव्रत.

पुढचंही ठरलेलं असतं. बिल्डिंगमधला एखादा डोळस मुलगा येतो, "काका, चालू तर आहे की!" म्हणतो, थोडी खुडबुड करतो आणि शेवटी सगळं पुसून लिनक्सचा उबंटू हा प्रकार नव्याने टाकून जातो. आवाज येतो. पण ओर्काचा वेग, मराठी आवाज, फायरफॉक्सचे बुकमार्क, वर्षभर बसवत आणलेल्या शॉर्टकट कळा, सगळं गेलेलं असतं. आणि कारण न शोधल्यामुळे दुखणं काही दिवसांनी परत दारात उभं.

ठाणे-नवी मुंबईत लिनक्सवर काम करणारे आम्ही अंध लोक मोजकेच, त्यामुळे हे फोन फिरून फिरून माझ्याकडे येतात. मी राहतो कोपरीत. घणसोलीच्या माणसाकडे ट्रान्स-हार्बर पकडून जाण्यापेक्षा फोनवर सांगणं बरं पडतं, आणि फोनवर सांगायचं म्हणजे समोरच्याला स्क्रीन न बघता, काहीही ऐकू येत नसताना करता आलं पाहिजे. खाली तेवढंच लिहिलंय. उबंटू, डेबियन, मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर ग्नोम, माटे किंवा सिनॅमन हे डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी.

आवाज कुठून कुठे जातो

ओर्का स्वतः बोलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. समोरच्या प्रोग्राममधला मजकूर एटी-एसपीआय नावाच्या वाटेने ओर्काकडे येतो. त्यातलं काय बोलायचं ते ओर्का ठरवतो आणि वाक्य स्पीच-डिस्पॅचरकडे सोपवतो. स्पीच-डिस्पॅचर ते ईस्पीक-एनजीला देतो, तिथे आवाज तयार होतो. तो आवाज पाइपवायर साउंड कार्डापर्यंत नेतो. जुन्या मशीनवर हेच काम पल्सऑडिओ करतो, उबंटूने २२.१० पासून पाइपवायर घेतला. एवढ्या हातांतून गेल्यावर शेवटी स्पीकर.

सोसायटीत नळाला पाणी आलं नाही की आपण आधी शेजारी विचारतो, मग गच्चीवरची टाकी बघतो, मग मोटर. लगेच नळ बदलत बसत नाही. इथेही तसंच करायचं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत ओर्काचा स्वतःचा दोष फार कमी वेळा निघतो. बोलणं बहुतेक त्याच्या खालीच कुठेतरी अडकलेलं असतं.

आधी कळा, मग कमांड

ओर्का चालू करायची कळ आहे सुपर, ऑल्ट आणि एस. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. हीच कळ ओर्का बंदही करते, आणि निम्मा घोळ इथेच होतो. जुन्या हार्डडिस्कवर ओर्काला उठायला वेळ लागतो. आवाज येत नाही म्हणून माणूस परत दाबतो, तोवर उठलेला ओर्का बंद होतो. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आता तो चालू आहे की बंद, हे त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही.

त्यापेक्षा ऑल्ट आणि एफ-२ दाबा. कमांड टाकायची छोटी खिडकी उघडते. तिथे टाइप करा: ओ-आर-सी-ए, स्पेस, दोन डॅश, आर-ई-पी-एल-ए-सी-ई, एंटर. आधीचा ओर्का चालू असला तर तो जातो आणि नवा येतो. नसला तरी नवा येतो. सम-विषम मोजत बसायला नको. (कमांड फोनवर सांगतो तशाच लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, जिथे मोठी लागतात तिथे तसं सांगेन.)

दुसरी कळ त्याहून छुपी. इन्सर्ट आणि एस एकत्र दाबलं की ओर्का चालूच राहतो, पण बोलणं बंद करतो. लॅपटॉपची मांडणी निवडली असेल तर इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक, आणि कॅप्स लॉकपासून एस एकच कळ सोडून आहे. मोठ्या अक्षरांत सही टाइप करायला जावं आणि ओर्काचं तोंड बंद व्हावं, हे सहज होतं. तीच जोडी पुन्हा दाबली की बोलणं सुरू. "आपोआप बरं झालं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं, कारण पुढच्या वेळी मशीन चालू केलं की ओर्का बोलत्या अवस्थेतच उठतो.

आता एक सापळा, जो डोळस माणसाच्या कधी ध्यानातच येत नाही. तुम्ही मराठी टायपिंग करत असाल आणि कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला असेल, तर वरची कमांड देवनागरीत टाइप होते आणि काहीच होत नाही. ओर्का गप्प असल्यामुळे तुम्हाला ते कळतही नाही. घणसोलीची एक मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी मराठी टायपिंगचा सराव करते. तिचा फोन आला तेव्हा ती कमांड अक्षर न् अक्षर बरोबर म्हणून दाखवत होती, आणि मशीन ढिम्म. "दादा, मी ओ दाबतेय, आर दाबतेय, सगळं बरोबर दाबतेय." शेवटी तिला म्हटलं, एस्केप दाब, सुपर आणि स्पेस एकदा दाब, आणि तेच परत कर. ओर्का लगेच बोलला. लॉगिनचा पासवर्ड "चुकतो" त्यामागेही कित्येकदा हेच असतं.

तीन आवाज ऐका

कळांनी काम झालं नाही तर टर्मिनल उघडा. उबंटू आणि मिंटवर कंट्रोल, ऑल्ट, टी. डेबियनच्या ग्नोमवर ही कळ आधीपासून बसवलेली नसते, तिथे सुपर दाबून टर्मिनल असं इंग्रजीत टाइप करून एंटर. दोन-तीन सेकंद थांबा.

पहिली कमांड: स्पीकर, डॅश, टेस्ट, स्पेस, डॅश टी, स्पेस, डब्ल्यू-ए-व्ही, स्पेस, डॅश एल, स्पेस, १. एंटर. हिला ओर्का लागत नाही, ईस्पीक लागत नाही. आधीच रेकॉर्ड केलेला आवाज "फ्रंट लेफ्ट" म्हणतो.

दुसरी: एस-पी-डी, डॅश, एस-ए-वाय, स्पेस, हॅलो. ही थेट स्पीच-डिस्पॅचरला बोलायला लावते.

तिसरा आवाज ओर्काचा, जो येत नाहीये म्हणून आपण इथे आहोत.

"फ्रंट लेफ्ट" सुद्धा ऐकू आलं नाही तर भांडण साउंडशी आहे, ओर्काला हात लावू नका. "फ्रंट लेफ्ट" आलं पण हॅलो आलं नाही, तर स्पीच-डिस्पॅचर. दोन्ही आले आणि फक्त ओर्का गप्प, तर ओर्का किंवा त्याच्याकडे मजकूर आणणारी वाट. फोन करण्याआधी एवढं केलंत तर अर्धा तास वाचतो. माझाही.

"फ्रंट लेफ्ट" सुद्धा नाही

सगळ्यात साधं कारण टीव्ही. कळव्याचे एक निवृत्त मास्तर आहेत. नातवाने मॅच बघायला एचडीएमआय वायर लावली. आवाज टीव्हीकडे गेला, मॅच संपली, टीव्ही बंद झाला, वायर तशीच राहिली. सर सकाळी पेपर वाचायला बसले तर ओर्का गप्प. तो गप्प नव्हताच, बंद टीव्हीशी बोलत होता. मागे हात घालून, मॉनिटरची सोडून जी जादा वायर असेल ती काढा. मॉनिटरच एचडीएमआयवर असेल तर वायर काढून भागत नाही, त्यासाठी पुढचा उपाय.

हा उपाय आवाज चालू असतानाच करून ठेवायचा. एक साधा यूएसबी हेडफोन घ्या, लावा, आणि सेटिंगमध्ये साउंडच्या आउटपुटमध्ये जाऊन तोच निवडा. मग काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. तुमची ही निवड सिस्टिम लक्षात ठेवते; पुढे कधीही तो हेडफोन खुपसला की आवाज त्याच्याकडे वळतो. गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा म्हणतो मी लोकांना.

दुसरं कारण जरा खोल आहे, आणि "कधी चालतं, कधी नाही" या तक्रारीमागे मला सर्वांत जास्त वेळा तेच सापडलंय. डेबियन हा आमच्यासाठी मोठा आधार, कारण तो कुणाच्या डोळ्यांशिवाय टाकता येतो: पेन ड्राइव्हवरून मशीन चालू झालं की इंग्रजी एस दाबून एंटर मारायचा, आणि इन्स्टॉलर बोलायला लागतो. पण अशा बोलत्या पद्धतीने टाकलं की मशीनवर ईस्पीकअप नावाची सेवाही येऊन बसते. तिचं काम म्हणजे काळ्या टेक्स्ट कन्सोलवर (खिडक्यांशिवायच्या, नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर) स्पीकअप या तिथल्या वाचकाला आवाज देणं. ती पाइपवायरला विचारत नाही, थेट साउंड कार्डाला हात घालते. मशीन चालू होताना तिने कार्ड आधी धरलं तर डेस्कटॉपला कार्ड मिळत नाही, आणि साउंडच्या सेटिंगमध्ये फक्त "डमी आउटपुट" उरतं. पाइपवायर आधी पोहोचला तर सगळं सुरळीत. कोण आधी पोहोचेल याचा नेम नाही, म्हणून सोमवारी आवाज असतो आणि मंगळवारी नसतो.

ओळखायचं कसं? डेस्कटॉप गप्प असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबा. टेक्स्ट कन्सोल उघडतो. तिथे एक कोरडा, यांत्रिक आवाज मशीनचं नाव आणि "लॉगिन" म्हणाला, तर चोर सापडला. स्पीकर चालू आहे, कार्ड चालू आहे, फक्त ते दुसऱ्याच्या ताब्यात आहे. आणि आवाज येतोय तर तिथेच काम उरका. नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरा आणि टाइप करा: सुडो, स्पेस, सिस्टिमसीटीएल, स्पेस, डिसेबल, स्पेस, दोन डॅश नाऊ, स्पेस, ईस्पीकअप. एंटर मारताच तो आवाज तुटतो, कारण बोलणाऱ्यालाच आपण बंद केलं. घाबरू नका. परत डेस्कटॉपवर जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, एफ-२. मिंट किंवा माटे असेल तर एफ-७. तिथून लॉग आउट करून पुन्हा आत या, नाहीतर सरळ मशीन रिस्टार्ट करा.

ज्यांना टेक्स्ट कन्सोल रोज लागतो त्यांनी मात्र हे करू नये. पण घरात पत्रं, बँक आणि युट्यूब करणाऱ्या माणसाला ईस्पीकअपचा काही उपयोग नाही.

"फ्रंट लेफ्ट" येतं, हॅलो येत नाही

स्पीच-डिस्पॅचर अडकलाय. किलऑल, स्पेस, स्पीच-डिस्पॅचर, एंटर. त्याला परत चालू करायची गरज नाही, पुढच्या कुणी बोलायला सांगितलं की तो आपणहून उठतो. मग ऑल्ट एफ-२ वरून ओर्का रिप्लेस.

हॅलोच्या जागी इंग्रजीत एक लांबलचक रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू आलं, स्पीच-डिस्पॅचर चालू आहे पण आवाज तयार करणारं काही सापडत नाही अशा अर्थाचं, तर तेही चांगलंच लक्षण. ईस्पीकला जोडणारं पॅकेज अपडेटमध्ये निसटलंय. सुडो एपीटी इन्स्टॉल, आणि पॅकेजचं नाव स्पीच-डिस्पॅचर-ईस्पीक-एनजी, मध्ये सगळीकडे डॅश.

अपडेटनंतरच्या शांततेचं अजून एक मूळ म्हणजे तुमचं स्वतःचं जुनं सेटिंग. कधीकाळी कुणीतरी एसपीडी-कॉन्फ हा सेटिंगचा प्रोग्राम चालवून दिलेला असतो, त्यात आवाजाची वाट थेट कार्डाकडे जाणारी अल्सा किंवा मॉड्यूल जुना ईस्पीक असं लिहून ठेवलेलं असतं. सिस्टिम पुढे गेली, ती फाइल तिथेच. होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात स्पीच-डिस्पॅचर नावाचा फोल्डर असेल तर त्याचं नाव बदला. पुसू नका, शेवटी नुसतं "जुनं" किंवा काहीही जोडा. मग किलऑल. फोल्डर नसला की सिस्टिमचं मूळ सेटिंग लागू होतं.

मराठी आवाजाचंही इथेच. हॅलोच्या कमांडमध्ये डॅश एल, स्पेस, एम-आर घातलं आणि पुढे देवनागरी मजकूर दिला, तर ईस्पीक-एनजी मराठीत बोलतो का ते कळतं. तिथे मराठी येत असेल आणि ओर्कात येत नसेल, तर इन्सर्ट आणि स्पेस दाबून ओर्काचं सेटिंग उघडा, आवाजाच्या पानावर भाषा मराठी करा. ईस्पीक डब्यातून बोलल्यासारखा येतो हे खरं, पाहुणे हसतात. पण वेग कितीही वाढवला तरी त्याचा शब्द फाटत नाही, आणि रोज पानंच्या पानं ऐकणाऱ्याला तेच हवं असतं.

ओर्का बोलतो, पण एकाच खिडकीत गप्प

ही वेगळी जात. आवाज ठीक आहे, त्या प्रोग्रामकडून मजकूरच येत नाहीये.

क्रोमियम जातीचे ब्राउझर यात पुढे. त्यांना कित्येकदा कमांडमध्ये दोन डॅश, फोर्स डॅश रेंडरर डॅश ॲक्सेसिबिलिटी असं सांगून उघडावं लागतं, तेव्हा पानाचा मजकूर बाहेर देतात. फायरफॉक्स ओर्काच्या आधी उघडला असेल आणि गप्प असेल तर बंद करून परत उघडा. लिबरऑफिस शुकशुकाट करत असेल तर लिबरऑफिस-जीटीके३ हे पॅकेज आहे का बघा. ते नसलं की ओर्काला कागद कोराच वाटतो. सुडोने उघडलेल्या खिडक्या गप्प राहण्याचं कारण वेगळं: तो प्रोग्राम रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावाने चालतो आणि तुमच्या ओर्काशी त्याची वाट जुळत नाही. अशी कामं टर्मिनलमध्येच करावीत, ती तिथे जास्त लवकरही होतात.

वेलँडबद्दल, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या नव्या यंत्रणेबद्दल, एक-दोन वाक्यं. ओर्का बोलतोय पण कॅप्स लॉकच्या जोड्या कधी लागतात, कधी नाहीत, अशी तक्रार असेल तर ग्नोम किती नंबरचा आहे ते बघा. वेलँडवर ओर्काच्या कळा त्याच्यापर्यंत नीट पोहोचवायची सोय मार्च २०२५ मधल्या ग्नोम ४८ ने आणली. त्याआधीच्या, म्हणजे उबंटू २४.०४ वगैरे मशीनवर लॉगिनच्या वेळी "उबंटू ऑन एक्सऑर्ग", म्हणजे जुनी यंत्रणा, निवडणं हा सोपा मार्ग. उबंटू २५.१० पासून ती निवडच काढून टाकली आहे, पण तोवर गरजही संपलेली.

पहिलं अक्षर गिळणं

याला लोक तक्रारच मानत नाहीत, आणि मला हेच सर्वांत धोक्याचं वाटतं. ओर्का बोलतो, पण थोडा वेळ शांत राहिल्यावर जो पहिला शब्द येतो त्याचं तोंड खाल्लेलं असतं. पाइपवायरच्या सोबतीचा वायरप्लंबर पाच सेकंद काही आवाज गेला नाही की साउंड कार्डाला झोपवतो. कार्ड जागं होईपर्यंत पहिलं अक्षर गेलेलं असतं. ब्लूटूथ हेडफोन आणि एचडीएमआयवर हे जास्तच.

याने काय होतं बघा. फॉर्म भरताना एका चौकोनावर थांबलात, विचार केलात, स्पेस दाबलात. ओर्काने म्हणायचं "नॉट चेक्ड". "नॉट" गिळला गेला, तुम्ही ऐकलंत "चेक्ड". बँकेच्या किंवा परीक्षेच्या फॉर्मवर हे झालं तर तुम्ही उलटं उत्तर देऊन पुढे निघून जाता, आणि तुमच्या कानांनी साक्ष दिलेली असते की बरोबर केलं.

खात्री करायला एक जुगाड आहे. टर्मिनलमध्ये: एप्ले, स्पेस, डॅश क्यू, स्पेस, डॅश टी, स्पेस, आर-ए-डब्ल्यू, स्पेस, डॅश एफ, स्पेस, सी-डी, स्पेस, स्लॅश डी-ई-व्ही स्लॅश झीरो. ही कमांड कार्डाला सतत शांतता वाजवायला लावते, म्हणजे ते झोपत नाही. ती चालू असताना शब्द पूर्ण ऐकू यायला लागले, तर रोग हाच. कायमचा उपाय म्हणजे वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये सेशन डॉट सस्पेंड डॅश टाइमआउट डॅश सेकंड्स या नावापुढे शून्य लिहिणं. इथे सावध: वायरप्लंबर ०.५ पासून सेटिंगच्या फाइलींची लिहिण्याची पद्धत बदलली. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ वर जुनी लुआ पद्धत आहे, डेबियन १३ वर नवी. कुणीतरी दिलेली फाइल तशीच उचलून टाकली की काहीच होत नाही, ते यामुळेच. तोपर्यंत जुगाड चालू राहू द्या, बॅटरी थोडी जास्त खातो, एवढंच.

ब्रेल डिस्प्ले अचानक मेला

ब्रेल डिस्प्ले म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर उठलेल्या ठिपक्यांत बोटांनी वाचायला देणारं उपकरण. ते मेलं की घरात इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आहे का, हा माझा पहिला प्रश्न. उबंटू २२.०४ वर आर्डुइनोचे, म्हणजे प्रोजेक्टसाठीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक सर्किटांचे, बरेच स्वस्त बोर्ड लावले की पोर्ट दिसत नाही, कारण त्यावरची सीएच३४० चिप आणि एका ब्रेल उपकरणाची यूएसबी ओळख एकच आहे. ब्रेल चालवणारा बीआरएलटीटीवाय त्या बोर्डाला ब्रेल डिस्प्ले समजून पकडतो. इंटरनेटवर मिळणारा उपाय एका ओळीचा: बीआरएलटीटीवाय काढून टाका. मुलगा काढतो, त्याचा प्रोजेक्ट चालतो, आणि बाबांचा ब्रेल डिस्प्ले त्याच क्षणी मेलेला असतो. बाबांना वाटतं उपकरण गेलं. उपकरण महाग, त्यामुळे घरात दोन दिवस सुतक.

पॅकेज परत टाका. मग त्या मुलालाच बसवा: यूदेव्हच्या (लावलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाच्या) नियमांमधली ८५-बीआरएलटीटीवाय ही फाइल ईटीसीमधल्या यूदेव्ह रूल्सच्या फोल्डरात कॉपी करायची, आणि त्या कॉपीत १ए८६ आणि ७५२३ असलेल्या ओळीपुढे हॅश टाकून ती ओळ तेवढी बंद करायची. मशीन रिस्टार्ट. दोघांचंही चालतं.

एक सुटकेची कळ बसवून ठेवा

वरच्यातलं बरंचसं एका कळीवर बसवता येतं, आणि ते शांततेच्या दिवशी करून ठेवावं. होम फोल्डरमध्ये बोल नावाची फाइल करा. पहिली ओळ नेहमीची: हॅश, उद्गारचिन्ह, स्लॅश बिन स्लॅश एस-एच. दुसरी: सिस्टिमसीटीएल, दोन डॅश यूजर, रीस्टार्ट, आणि पुढे वायरप्लंबर, पाइपवायर, पाइपवायर-पल्स ही तीन नावं. तिसरी: स्लीप २. चौथी: डब्ल्यूपीसीटीएल, सेट-म्यूट, मग ॲट चिन्ह, डीफॉल्ट अंडरस्कोर ऑडिओ अंडरस्कोर सिंक मोठ्या अक्षरांत, परत ॲट चिन्ह, स्पेस, शून्य. पाचवी तशीच, फक्त सेट-म्यूटच्या जागी सेट-व्हॉल्यूम आणि शून्याच्या जागी ०.६. सहावी: किलऑल स्पीच-डिस्पॅचर. सातवी: ओर्का दोन डॅश रिप्लेस.

फाइलला सीएचमॉड अधिक एक्सने चालण्याची परवानगी द्या, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कस्टम शॉर्टकट करून तिला कंट्रोल, ऑल्ट, बी अशी काहीतरी कळ द्या. मग ओर्का बोलत असतानाच मुद्दाम व्हॉल्यूम म्यूट करा, किलऑल मारा, आणि ती कळ दाबून बघा. बोलला तर ठीक. नाही बोलला तर फाइलमध्ये टायपिंगची चूक आहे, आणि ती आज सापडलेली बरी.

ही कळ टीव्हीकडे गेलेला आवाज परत आणत नाही, ईस्पीकअपने धरलेलं कार्डही सोडवत नाही. त्या दोन्हींसाठी हेडफोन आणि एफ-३.

एवढं करूनही गप्प राहिला तर फोन करा, पण "बंद पडलाय" एवढ्यावर थांबू नका. तीनपैकी कोणते आवाज आले ते सांगा. एफ-३ वर कुणी बोललं का ते सांगा. शेवटचं अपडेट कधी झालं, मागे कुणी काही लावलं का, हे घरच्यांना विचारून ठेवा. आणि टर्मिनलमध्ये ओर्का दोन डॅश व्हर्जन टाकून जो नंबर येतो तो कुणा डोळस माणसाकडून वाचून घ्या. तो मशीनजवळ बसलाच आहे म्हणून त्याला फॉरमॅट मात्र मारू देऊ नका.